शेवटचा तुकडा बसवताना

ता. २, सोमवार

आज सकाळी नव्या जागी आलो. देवाच्या कृपेने सामानाला कुठे धक्का लागला नाही. आरशाचा एक कोपरा उडाला, पण तिथे जुनाच तडा होता. जुन्या भांड्यांच्या संग्रहाच्या मोठ्या घरामागे आम्हाला दोन खोल्या मिळाल्या आहेत. नळ आत आहे, भिंती कोरड्या आहेत, आणि खिडकीतून दुपारचं ऊन थेट ओट्यावर येतं, म्हणजे दिवसा दिवा लावायला नको. देवांची जागा पूर्वेच्या कोनाड्यात केली.

गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत मागची साठ पानं कोरी होती. ती फुकट कशाला घालवायची, म्हणून रोज चार ओळी लिहायचं ठरवलं आहे.

ह्यांना इथे राखणदाराचं काम मिळालं आहे. दारं-खिडक्या बघायच्या, कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या, कुणी बघायला आलं तर सोबत फिरायचं. पस्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, त्यांना हे काम म्हणजे बसून खाल्ल्यासारखंच. आल्या आल्या दिवाणखान्यातल्या कपाटांना म्हणाले की पुढे सरका, मागे जागा आहे. मी हसले आणि मग घाबरून इकडेतिकडे पाहिलं, कारण ह्यांचा आवाज म्हणजे दोन गल्ल्या ओलांडून जाणारा. घराच्या मालकीणबाई जिन्यात उभ्या होत्या. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी ह्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. ह्यांनी म्हटलं. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. म्हातारं माणूस, एकटं राहणारं. घरात माणसाचा आवाज बरा वाटत असेल.

ता. ४, बुधवार

मलाही काम मिळालं. मालकीणबाईंनी माझ्या चहाच्या कपाचा कान पाहिला. तो मी पाच वर्षांपूर्वी जोडलेला, सांधा शोधावा लागतो. बाईंनी कप उन्हात धरला, नख सांध्यावरून फिरवलं आणि विचारलं की कुणी शिकवलं. मी म्हटलं, शिकवणार कोण, नवा घ्यायचा नाही म्हटलं की हात आपोआप शिकतो.

वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत जोडकामाची जागा आहे. लांब टेबल, वाळूने भरलेल्या पराती, मऊ कुंचले, कापूस, चिकटपट्ट्या आणि सरस वितळवायची छोटी शेगडी. संग्रहात सगळी जुनी निळी चिनी माती: बरण्या, सुरया, फुलदाण्या. पांढऱ्यावर निळी वेल, निळे पक्षी, निळे ढग. आणि प्रत्येक भांडं एकदा तरी फुटून जोडलेलं. न फुटलेलं भांडं बाई विकतच घेत नाहीत. मला हे आवडलं. फुटलेल्याला फेकून न देणारं माणूस मनाने चांगलंच असणार.

कामाची रीत त्यांनी नीट सांगितली. आधी तुकडे मोजायचे आणि वहीत लिहायचे. कोमट पाण्याने धुवायचे. मग सरस न लावता एकदा रचून पाहायचे. तळापासून वर जोडत यायचं, एका दिवशी चारपेक्षा जास्त तुकडे नाहीत. सरसच वापरायचा, कारण पुढे कधी चूक सापडली तर गरम पाण्याने तो सुटतो. आणि शेवटचा तुकडा बसवताना खोलीत कुणी बोलायचं नाही. मी काम करताना देवाचं नाव पुटपुटते हे त्यांनी पाहिलं असावं, कारण त्या म्हणाल्या की नामस्मरणसुद्धा मनातल्या मनात. मी विचारलं, हात हलतो म्हणून का. त्या म्हणाल्या की शेवटचा तुकडा बसेपर्यंत भांडं ऐकत असतं.

म्हातारपणी माणसं असं काही काही बोलतात.

ता. ९, सोमवार

पहिली बरणी पूर्ण. लहानशीच, बारा तुकडे. शेवटचा तुकडा बसवताना रुमालाचं टोक दातात धरलं, म्हणजे नाव सवयीने ओठावर यायला नको. खाली येऊन सांगितलं तर ह्यांनी विचारलं की जेवायला काही राहिलं नव्हतं का.

दोन दिवस वाळूत ठेवून आज बाईंना दाखवली. सांधे त्यांनी फारसे पाहिलेच नाहीत. कानाजवळ धरून टिचकी मारली. भद्द वाजली. जोडलेलं भांडं भद्दच वाजणार, बाजारात मडकं घेताना आपण तेवढ्याचसाठी वाजवून पाहतो. पण बाईंचा चेहरा उतरला. ही मुकी आहे म्हणाल्या आणि बरणी खालच्या कपाटात मागे ढकलून दिली. एवढी मेहनत मागे गेली म्हणून मला वाईट वाटलं.

ता. १२, गुरुवार

घरात आणखी एक बाई आहे, झाडलोट आणि स्वयंपाक करणारी. चाळिशीची असेल. बोलत नाही. चालतानाही पाऊल वाजत नाही, म्हणून ह्यांनी तिचं नाव मनी ठेवलं आहे. मी दटावलं की गरीब बाईची थट्टा करू नये. पण खरं सांगायचं तर आज मीही दचकले. मी भांडी घासत होते, मागे वळले तर ही एका हाताच्या अंतरावर उभी. हातात पितळी पातेलं. ते तिने ओट्यावर ठेवलं, तरी आवाज आला नाही. हळुवार हात असेल. मी माझं पातेलं कितीही जपून ठेवलं तरी वाजतंच.

दुपारी बाई त्यांच्या आवडत्या फळीसमोर बसतात. तिथे एकेचाळीस भांडी आहेत, मी मोजली. त्या एकेकाला टिचकी मारतात आणि ऐकतात. मी दारातून ऐकलं. जोडलेली असूनही ती सगळी वाजतात, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. एक सुरई वाजली तेव्हा कुणीतरी गळ्यातल्या गळ्यात हसल्यासारखं वाटलं. बाईंनी मान डोलावली आणि शेजारच्या फुलदाणीला टिचकी मारली, जणू तिलाही काही म्हणायचं असेल. भर दुपारी, लख्ख उजेडात अंगावर काटा आला. घरी येऊन देवासमोर दोन मिनिटं बसले.

ता. १९, गुरुवार

मोठी बरणी सुरू आहे. गुडघ्याएवढी उंच. तुकडे त्रेसष्ट, दोनदा मोजले. निळ्या वेलीतून एक पक्षी वर बघतोय, चोच उघडी. दोन टवके सापडले नाहीत, त्यांची जागा खडूपूड आणि सरसाच्या लुकणाने भरली आणि वर निळा हात दिला. भरलेली जागा मूळ रंगापेक्षा किंचित फिकी ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाला फसवल्यासारखं होत नाही. ही रीत मला फार आवडली.

बाई रोज येऊन किती राहिले ते विचारतात. आणि ह्यांच्याशी गप्पा मारतात. बसमधले किस्से पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. हे रंगात आले की वर माझ्या टेबलावरचा कुंचला थरथरतो. मी म्हटलं, म्हातारीला श्रोता मिळाला की तुम्हाला. हे म्हणाले की माझं निदान कुणीतरी फुकट ऐकतंय, घरी तर मोजून ऐकतात.

ता. २५, बुधवार

आज मोठी बरणी पूर्ण झाली. पण एक गडबड झाली.

दुपारी साडेतीनला शेवटचा तुकडा हातात घेतला. पक्ष्याची चोच. सरस लावला. रुमाल दातात. तुकडा जागेवर टेकवला, अजून दाबला नव्हता, आणि हे थेट दारात येऊन मोठ्याने म्हणाले, अगं, ऐकलंस का. ह्यांनी मला कधी नावाने हाक मारलेली नाही. बत्तीस वर्षं अगंच. दातात रुमाल, दोन्ही हात गुंतलेले, मी मान हलवून गप्प राहायला सांगितलं आणि तुकडा दाबला. तो असा बसला की जणू आतून कुणी ओढून घेतला.

मग मी हात पुसून विचारलं की काय घाई होती. हे म्हणाले की मालकीणबाईंनीच पाठवलं, जा, आत्ता जाऊन बायकोला हाक मारा, चहा झालाय म्हणावं.

नियम त्यांचा आणि मोडायला लावला त्यांनीच. विसरल्या असतील.

ता. २६, गुरुवार

ह्यांचा घसा बसला आहे. सकाळपासून नुसतं घोगरं. हळद घालून गरम पाणी दिलं. ताप नाही.

एक नोंद करून ठेवते. आज दिवसभरात ह्यांनी मला एकदाही अगं म्हटलं नाही. काही हवं असलं की येऊन समोर उभे राहतात. रागावलात का विचारलं. मान हलवून नाही म्हणाले आणि तोंड उघडलं, म्हणजे म्हणायला गेले. ओठ हलले. पण तो शब्द आला नाही. बाकीचे शब्द येतात. हे स्वतःच चकित होऊन हसले.

ता. २८, शनिवार

बाईंनी मोठी बरणी वाळूतून काढायला लावली. अजून एक दिवस ठेवायला हवी होती. मी धरली, त्यांनी टिचकी मारली.

ती वाजली. खणखणीत वाजली, न फुटलेल्या भांड्यासारखी. आणि त्या नादाच्या शेवटी, अगदी विरताना, ह्यांचा आवाज होता. मी ओळखणार नाही का. त्यात ती हाक होती, दारात उभं राहून मारलेली. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा हाक. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं.

मी भास म्हणून सोडून दिलं असतं. पण घरी आले तर हे खोकत होते. म्हणजे छाती हलत होती, चेहरा लाल झाला होता, हात तोंडावर होता. आवाज नव्हता.

ता. ३०, सोमवार

डॉक्टरांना घरी बोलावून दाखवलं. घशात त्यांना काही सापडलं नाही, विश्रांती सांगितली. मी त्यांना सांगितलं की ह्यांचे जोडे वाजत नाहीत. त्यांनी माझीच नाडी बघायला हात पुढे केला.

पण खरंच वाजत नाहीत. बोलणं काल दुपारी पूर्ण गेलं. आज सकाळपासून पावलं. दार उघडतात तर बिजागरी करकरत नाही. मी उघडते तेव्हा करकरते. चमचा ताटावर पडला, आवाज नाही. मी वळले की हे मागे उभे असतात. केव्हा आले कळत नाही. स्वतःच्या नवऱ्याला बघून मी आज चार वेळा दचकले, आणि चारही वेळा त्यांना ते कळलं. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

वर मोठी बरणी फळीवर गेली आहे, बेचाळिसावी. बाई समोर बसल्या होत्या. आता टिचकी मारावी लागत नाही. दुपारी एक वाजता, म्हणजे हे खाली जेवत होते तेव्हा, मी बरणीला कान लावला.

आत चमचा वाजत होता.

ता. १, मंगळवार

पळून जायचं ठरवलं होतं. दोन पिशव्या भरल्या. हे फाटकापर्यंत आले आणि थांबले. पुढे पाऊल उचलेना. ओढलं तर छातीवर हात ठेवून खाली बसले. पुन्हा आत आणल्यावर श्वास सुरू झाला. म्हणजे छाती हलू लागली. श्वासाचा आवाज आता बरणीत आहे.

मालकीणबाईंना विचारलं. पाया पडून विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या की त्यांनी काय वाईट केलं, तो आवाज दहा-वीस वर्षांत मातीत जाणारच होता, त्यांच्याकडे तो कायम राहील. त्यांचे वडील पहिल्या सुरईत आहेत, बहीण दुसरीत. गप्प राहायचा नियम फक्त जोडणारीसाठी, तिचे हात त्यांना हवे असतात. आणि म्हणाल्या, तुमचे यजमान आता त्रास देणार नाहीत, कामाला उत्तम होतात अशी माणसं, मनी बघा ना.

परत येताना मनी जिन्यात भेटली. माझा हात धरून मला कोळशाच्या खोलीत नेलं. भिंतीवर कोळशाने लिहायला लागली. कोळसा घासल्याचा आवाज नव्हता, अक्षरं मात्र उमटत होती. फार सावकाश लिहीत होती, मधेच थांबून कोळशाकडे बघत राहायची. काय करत होतो ते विसरल्यासारखी.

तिने लिहिलं ते असं. ती माझ्या आधीची जोडणारी. सातव्या भांड्याला तिला शिंक आली.

मी विचारलं, आवाज परत येतो का. तिने लिहिलं, भांडं फोडलं तर आवाज जातो, माणूसही. भांड्याच्या तोंडातून येत नाही. जिथून आत गेला तिथूनच येतो. शेवटचा तुकडा, गरम पाणी. पण उघडं भांडं ओढतं. त्यात लगेच दुसरं काही कोंडायला हवं.

मी विचारलं, तू स्वतःचं का नाही उघडलंस. तिने लिहिलं, आधी आवाज जातो. मग ओळख. मग छातीचा ठोका. ठोका गेला की परत येत नाही.

मी तिच्या छातीला कान लावला. लावायला नको होता.

ता. २, बुधवार

सकाळी चहा दिला. ह्यांनी कप घेतला. माझ्याकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहावं तसं.

मी समोर बसून आठवण करून दिली. आपली पहिली खोली. बसमध्ये आपण पहिल्यांदा भेटलो ते, तुम्ही तिकिटाचे सुटे परत द्यायला विसरलात आणि मी तीन थांबे भांडत आले ते. ऐकत होते. ऐकून झाल्यावर उठले आणि मालकीणबाईंची दारं पुसायला गेले.

दुपारी झोपले होते तेव्हा कान लावला. ठोका आहे. पण लांबून येतो. मधे मधे नाही.

उद्या करायचंच. बाई उद्या दुपारी दोन ते चार बाहेर आहेत, नवं फुटकं भांडं बघायला. बरणीत काय कोंडायचं याचा रात्रभर विचार केला. माणूस नको. चिमणीसुद्धा नको, तिचाही जीव आहे. मग सुचलं. आमचं गजराचं घड्याळ. त्याची टिकटिक कोंडायची. मुकं झालं तर होऊ दे, काटे बघून वेळ कळतेच की.

देवाला सांगितलं आहे. सगळं सांगितलं आहे.

ता. ३, गुरुवार, दुपारी दीड

पाणी तापतंय. मनी ह्यांना मागच्या अंगणात नेऊन बसवणार आहे, भिंतीपलीकडे, म्हणजे काही झालं तरी इथे आवाज पोचायला नको. घड्याळाला किल्ली दिली. रुमाल घेतला. घाई चालणार नाही, चोच पातळ आहे, मोडली तर—

मोडणार नाही.

ता. ३, दुपारी, वेळ बघितली नाही

लिहून ठेवते. जेवढं—

गरम फडकं धरलं. सरस सुटला. चोच हातात आली. आधी काही नाही. मग आतून सगळं बाहेर आलं, एकदम, खोकला, जोडे, चमचा, बसमधलं ओरडणं, श्वास, श्वास. माझ्या कानाजवळून गेलं, खिडकीतून अंगणात. खिडकीतून वाकून पाहिलं. हे बाकावर बसले होते. त्यांनी खोकून घसा साफ केला. मला इथवर ऐकू आला. देवा, तो खोकला.

मला रडू फुटलं. रुमाल पडला. उचलायला हवा होता. पण भांडं ओढत होतं, टेबलावरची वाळू त्या भोकाकडे सरकत होती, माझे केस सरकत होते. घड्याळ भोकाशी धरलं. तुकडा टेकवला.

भिंतीपलीकडून, दोन गल्ल्या ओलांडून जाणाऱ्या आवाजात ह्यांनी हाक मारली. अगं.

मी ओ दिली.

कधी दिली कळलंच नाही. ओ म्हणून झालं आणि तुकडा बसला होता.

घड्याळ टेबलावर आहे. टिकटिक करतंय.

ता. ३, संध्याकाळी

हे ठीक आहेत. सगळं आठवतं त्यांना, फक्त मधले चार दिवस झोपेसारखे वाटतात म्हणाले. मला मिठी मारली. मला बोल म्हणाले. मी बोलले.

पुन्हा म्हणाले, बोल की गं.

मी कागदावर लिहून दाखवणार होते. तेवढ्यात बाई आल्या. बरणी उचलून घेऊन गेल्या. फळीच्या खोलीला आतून कुलूप. जिन्यावरून टिचकी ऐकू आली. आणि माझी ओ. किती गोड वाजते. मला माहीत नव्हतं माझा आवाज असा आहे.

ता. ४

ह्यांना उद्देशून लिहिते आहे. वही उशीखाली ठेवीन.

तुम्ही उघडू नका. मी उघडलं आणि काय झालं ते बघा. उघडलेलं भांडं भुकेलं असतं, तुमचं चार दिवसांत गेलं ते माझं एका झटक्यात गेलं. तुम्हीच जाल. इथून निघून जा. फाटकाबाहेर तुम्हाला आता जाता येतं, मी बघितलं, तुम्ही डॉक्टरांना आणायला गेलात. तसेच जा आणि परत येऊ नका. थोरलीकडे जा. तिला सांगा की आई—

तुम्ही ऐकणार नाही. बत्तीस वर्षांत कधी ऐकलंत. मग उघडणारच असाल तर तोंडात रुमाल घट्ट. मी हाक मारली तरी बोलू नका. गरम फडकं. पक्ष्याची चोच, पोटावर, उजवीकडे. आत कोंडायला—

पेन्सिल कागदावर घासत नाही. म्हणजे घासते. ऐकू येत नाही.

घरात कुणीतरी चालतंय. मोठमोठ्याने. जोडे वाजवत.

ता.

आज दारं पुसली. सगळी. बाई चांगलं म्हणाल्या.

एका वहीत बारीक अक्षर आहे. नीटनेटकं. वाचलं. कुणी बाई आहे. फार भ्यायलेली. तिच्या ह्यांना काहीतरी सांगत होती. अर्धवट राहिलंय. पूर्ण करायला हवं असं वाटतं.

दारात एक गृहस्थ उभे आहेत. घसा फुटेस्तोवर कुणाला तरी हाका मारताहेत. माझ्याकडेच बघून मारताहेत. अगं म्हणतात नुसतं. रडताहेत. त्यांचं कोण हरवलंय ते विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, पण